जहाज धक्क्याला आहे तोवर

फेनित्राचं जहाज सकाळी आठलाच धक्क्याला लागलं होतं. पण प्रवाशांची न्याहारी उरकून, टेबलं पुसून, वरिष्ठाची सही घेऊन तो बंदराच्या फाटकातून बाहेर आला, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. अडीचला परत आत. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि थांबायला लावणाऱ्याची नोकरी तर मुळीच थांबत नाही.

म्हणजे देवानं आमच्या पदरात तीन तास टाकले होते. तेवढ्यात मुलीच्या घरी जायचं, मागणी घालायची, होकार मिळवायचा, मेंढ्याच्या पुठ्ठ्याच्या मांसाचा मान पोचवायचा, थोरल्यांकडून डोक्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडून घ्यायचं आणि मुलगा होता तसा परत जहाजावर चढवायचा. देवाला काय, त्यानं सहा दिवसांत जग केलं. पण त्याला मुलीच्या बेझांद्री आजोबांशी बोलायचं नव्हतं.

"मामा!" म्हणून फेनित्रा गळ्यात पडला. अंगाला लोण्याचा आणि कॉफीचा वास. दहा महिन्यांत पोरगा चालायलाही वेगळाच लागला होता, पायाखालची फरशी हलतेय असा.

"रडारड नंतर," माझी बायको नोरो म्हणाली. तिच्या मांडीवर केळीच्या पानात गुंडाळलेला भाजका पुठ्ठा होता, अजून वाफाळणारा. "बस रिक्षात. शर्ट तिथेच बदल."

"मामी, रस्त्यात?"

"दहा महिने परक्या देशातल्या लोकांचे टेबलक्लॉथ बदललेस ना? आता स्वतःचा शर्ट बदल."

झाकानं सायकलरिक्षावर टांग मारली. झाका आमच्याच चर्चच्या गायकवृंदात खालचा सूर धरतो, आणि उताराला ब्रेक न लावता श्रद्धेनं रिक्षा सोडतो. जहाजाच्या दिवशी आमच्या तोआमासिना बंदरातली सगळी तीनचाकी वाहनं पाहुणे पळवतात, म्हणून झाकाला मी आदल्या रविवारीच, प्रार्थनेनंतर, धरून ठेवलं होतं. तिघं त्या एवढ्याशा बाकावर कोंबून बसलो. धाकट्या बाजारापाशी फेनित्रानं चालत्या रिक्षातून हात लांब करून केळ्याची भजी घेतली, एक तोंडात कोंबलं, आणि शर्टाची बाही चुकून डोक्यात घालून तसाच म्हणाला, "मामा, भाषण छोटं केलंय ना?"

"पंधरा मिनिटांचं," मी म्हणालो.

नोरो खोकली.

इथे मला खरं सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे मुलीला मागणी घालायची म्हणजे मुलाच्या मामानं काबारी करायची. ती सरळ बोलून होत नाही. आधी बोलायला उभा राहिलो म्हणून क्षमा मागायची, मग आपल्याहून थोर माणसं गप्प असताना आपण बोलतोय म्हणून क्षमा मागायची, मग पूर्वजांना, मग आलेल्यांना, मग न आलेल्यांना वंदन. मुलीकडचा म्हातारा मधेमधे अडवणार, टोमणे मारणार, त्याला वाकून पण वाकडं उत्तर द्यायचं. भोवतीची माणसं "खरंय! खरंय!" म्हणून झील धरणार. आणि मी? मी अंकिरिहिरीच्या चर्चमध्ये वीस वर्षं गाणारा, गायकवृंदाचा मास्तर. आमचे पाद्री दोन वाक्यं बोलतात आणि तिसरं गातात, मग आम्ही सगळे ते उचलतो, आणि योना त्या माशाच्या पोटातून बाहेर येईपर्यंत चुलीवर करपणारा भातही आठवत नाही कुणाला. असं गात सांगितलेलं ऐकलं की माझ्या पायाला आपोआप ताल लागतो. मी लिहून काढलेली काबारी मुळात दीड तासाची होती. ती पंधरा मिनिटांवर आणताना मला स्वतःच्या हातानं स्वतःची बोटं कापल्यासारखं झालं होतं.

पण कापली. कारण गेल्या फेब्रुवारीत काय झालं होतं ते साऱ्या गल्लीला माहीत होतं.

तेव्हाही हेच ठरलं होतं. मुलीच्या, म्हणजे सुआझाराच्या घरी नारळाच्या दुधातली कोंबडी शिजत होती, अंगणात मांडव होता, आम्ही सगळे नवे कपडे घालून किनाऱ्यावर. पण समुद्र खवळलेला. जहाज आलं, दूरवर थांबलं, विचार केल्यासारखं हललं आणि तसंच पुढे निघून गेलं. फेनित्रा वरून टेबलक्लॉथ हलवत होता म्हणे, आम्हाला एक पांढरा ठिपका दिसला. कोंबडी आम्हीच खाल्ली. त्यानंतर सुआझारा शाळेत शिकवायला निघाली की पोरी विचारायच्या, "बाई, तुमचा नवरा आज कुठल्या बाजूनं जाणार?"

तिचे आजोबा बेझांद्री यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "आमच्या घरात मागणीचा भात दोनदा शिजतो. तिसऱ्यांदा चूल पेटणार नाही. मग तो मुलगा जहाजानं येवो नाहीतर देवदूताच्या पाठीवर बसून." आणि हे जहाज या वर्षानंतर आमच्या बाजूला यायचं नव्हतं. फेनित्राचा पुढचा करार दुसऱ्याच समुद्रावरचा.

आजच काय ते.

दारात पोचलो तर बेझांद्री आजोबा खुर्चीत. घरातल्या ईशान्य कोपऱ्यात, पूर्वजांच्या जागी, पांढरी शाल घेऊन, डोळे मिटून. भिंतीला लागून वीस-पंचवीस माणसं चटयांवर. सुआझारा आतल्या खोलीत, पडद्यामागे. तिला विचारल्याशिवाय तिनं बोलायचं नाही, हा रिवाज.

"कोण आहे?" आजोबांनी डोळे न उघडता विचारलं. "पावसाला आडोशाला आलात का?"

बाहेर रणरणतं ऊन होतं.

"होय आजोबा," मी वाकलो. "एका मुलीच्या नावानं असा पाऊस लागलाय, आमचा मुलगा दहा महिने भिजतोय."

"खरंय!" भिंतीकडून आवाज आला. कोणीतरी हसलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. धोका तिथेच होता, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

"बसा," आजोबा म्हणाले. "आणि घड्याळं इकडे."

"काय?"

"गेल्या महिन्यात माझ्या पुतणीच्या मागणीला मुलाकडचा माणूस दर वाक्याला मनगट बघत होता. मुलगी मागायला आला होता का बस पकडायला? घड्याळं, फोन, सगळं टोपलीत. आणि कुणी वेळ विचारला, वेळ बघितला, सूर्याकडे जरी बघितलं, तरी दंड. मुलाकडच्यांनी उभं राहून एक भजन म्हणायचं. पूर्ण."

फेनित्राचा चेहरा उतरला. नोरोनं माझ्याकडे बघितलं. टोपली फिरली, सगळी घड्याळं गोळा करून स्वयंपाकघरात गेली. नोरो हुशार बाई. "मी भाताकडे बघते," म्हणत ती टोपलीमागोमाग आत गेली, आणि जाताजाता माझ्या कानाशी, "एक वाजला की एकदा खोकेन. दीडला दोनदा. दोनला तीनदा, मग तुम्ही भूतलावर काहीही बोलत असा, थांबायचं."

मी सुरुवात केली. क्षमा मागितली. पूर्वजांना वंदन केलं. सगळं आखल्याप्रमाणे, ठाकठीक. एवढ्यात आजोबांनी एक डोळा उघडला.

"मास्तर, तुमचा मुलगा जहाजावर करतो काय?"

"लोकांना जेवू घालतो, आजोबा."

"परक्यांना?"

"परक्यांना."

"आणि स्वतःच्या बायकोला कोण जेवू घालणार? समुद्र?"

सगळे हसले. पडद्यामागे कुणीतरी खुदकन हसलं. आता याला उत्तर माझ्या पंधरा मिनिटांच्या काबारीत नव्हतं. पण कापून टाकलेल्या सव्वा तासात होतं! अगदी तयार, तालात बसवलेलं, शेवटच्या ओळीला वर चढणारं. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

मी गायलो.

गलील समुद्रावरच्या कोळ्यांपासून सुरुवात केली. ते जाळी टाकून गेले, त्यांच्या बायकांनी काय केलं असेल, चुलीपुढे बसून कुठलं गाणं म्हटलं असेल, ते सांगितलं. झाका दारात रिक्षाच्या दांडीला टेकून उभा होता, त्यानं खालचा सूर धरला. भिंतीकडच्यांनी टाळ्या धरल्या. आजोबा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणे कोळी!" ते गरजले. "त्या कोळ्यांनी जाळी सोडून दिली होती मास्तर, हा तर ताटल्याही सोडत नाही!" मी त्यालाही उत्तर दिलं. त्यांनी त्या उत्तराला उत्तर दिलं. म्हातारा ऐंशीचा, पण बोलायला लागला की डोळ्यांत दिवे. मला वाटलं, या घरात आज देव स्वतः चटई ओढून बसलाय.

नोरो एकदा खोकली. ऐकलं. म्हटलं, आवरतो.

मधेच फेनित्रा खिडकीतून उन्हाकडे बघताना सापडला. "दंड!" सगळे ओरडले. आम्ही तिघांनी उभं राहून सात कडव्यांचं भजन म्हटलं. फेनित्रा इतक्या घाईनं म्हणत होता की तिसऱ्या कडव्याला तो पाचव्यावर होता.

"हळू म्हण बाळा," आजोबा म्हणाले. "देवाला उतरायचं नाहीये कुठे."

मग मी अब्राहामाच्या नोकराची गोष्ट घेतली, तो विहिरीवर मुलगी मागायला गेला ती. घ्यायला नको होती. पण आजोबांनीच उंटांचा विषय काढला! नोरो दोनदा खोकली. ऐकलं नाही. उंट पाणी पीत होते. मी एकेका उंटाला वेगळी चाल लावली होती.

नोरो तीनदा खोकली. मला वाटलं, गहिवरली.

ती पुन्हा तीनदा खोकली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, की खरंच, प्रसंगच तसा आहे. ती दारात उभी होती, हातात पळी, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते भक्तीचं नव्हतं. फेनित्रानं माझ्या पायाला चिमटा काढला. मी तो ताल समजलो. पाय हलवला. आठवा उंट आला.

आणि तेव्हा पडद्यामागून आवाज आला.

सुआझारा गात होती. आमच्या वृंदातला पहिला सूर तिचा, तो कोण ओळखणार नाही! रविवारी शेवटी म्हणतो ते गाणं: नाव किनाऱ्याला लागली आहे, नावाडी हाक मारतो आहे, ज्याला जायचं त्यानं उठावं. ती ते हळू नाही, ठणकावून म्हणत होती. वर्गाला पाढे म्हणायला लावावेत तसं. पहिली ओळ तिनं एकटीनं म्हटली. दुसऱ्या ओळीला भिंतीकडच्या सगळ्या बायका. तिसऱ्या ओळीला झाका. आणि चौथ्या ओळीला, "नावाडी हाक मारतो आहे", मी एकदम गप्प झालो. उंट, विहीर, सगळं वाळूत गेलं.

आजोबांनी दोन्ही डोळे उघडले.

"मुलगी बोलली," आजोबा म्हणाले. आवाज गंभीर. "विचारल्याआधी बोलली."

"नाही आजोबा," पडद्यामागून उत्तर आलं. मग जीभ चावल्यासारखी शांतता. मग पुन्हा, गात, त्याच चालीवर: "बोलले नाही आजोबा, गायले! गाण्याला कुठे दंड आहे?"

आधी आजोबांच्या शालीचा काठ हलायला लागला, मग खांदे, मग सगळा म्हातारा. असा हसला की खुर्ची कुरकुरली. "टोपली आणा रे! किती वाजले?"

"दोन वाजून सात मिनिटं!" नोरो स्वयंपाकघरातून ओरडली, दहा मिनिटं दाबून धरल्यासारखी. "आणि हे उंटांना पाणी पाजतायत!"

"बंदराला पोचायला पंचवीस मिनिटं," झाका म्हणाला. "मी ब्रेक नाही लावला तर वीस."

फेनित्रा गुडघ्यांवर आला. मुलानं बोलायचं नसतं, पण आता रिवाज कोण बघतंय. "आजोबा, द्या नाहीतर नको म्हणा. पण आत्ता. परत गेलो तर मी या बाजूला कधी येईन ते मलाच माहीत नाही."

आजोबा हसायचे थांबले. "नको म्हणायचं असतं तर मी तुझ्या मामाला तिसऱ्या उंटापाशीच थांबवलं असतं. पण ऐक. अजून मुलीला तीनदा विचारायचंय, मान घ्यायचाय, पाणी शिंपडायचंय. अर्ध्यात सोडलेली मागणी मी माझ्या नातीच्या पदरात बांधणार नाही. हे शब्द थोरल्यानं बसून, छपराखाली, ईशान्येच्या कोपऱ्यातून बोलायचे असतात. माझे आजोबा असेच बोलले, त्यांचे..."

"आजोबा," नोरो म्हणाली, "झाकाच्या रिक्षाला छप्पर आहे."

आजोबांनी दाराबाहेर बघितलं. लाल रंगाची ताडपत्री, कडेला झालर, मागे रंगानं लिहिलेलं "येशू बघतो आहे".

"बसायला जागा आहे?"

"आहे."

"मग छप्पर ते छप्पर," म्हातारा म्हणाला आणि उठला. "उचला मला!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आजोबा झाकाच्या रिक्षात, शेजारी सुआझारा, पडद्यातून ओढून काढलेली, केसांत चाफा, पायात चप्पल एकच. दुसरी रिक्षा कुणीतरी रस्त्यातून अडवली, तिच्यात मी, फेनित्रा, आणि नोरोच्या मांडीवर पुठ्ठा. मागे सायकली, त्यामागे पळणारी माणसं, गात. "नाव किनाऱ्याला लागली आहे!" लिचीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"मास्तर!" आजोबा पुढच्या रिक्षातून मागे वळून ओरडत होते. "तुमचा मुलगा दारू पितो का?"

"नाही आजोबा!"

"ऐकू आलं नाही!"

"नाही!" सगळा रस्ता ओरडला. ज्यांना मुलगा कोण हे माहीत नव्हतं तेसुद्धा.

"मारतो का?"

"मच्छरसुद्धा नाही!" नोरो ओरडली. "मारायला पाहिजे खरं तर, अंगावर बसू देतो!"

"तिला पत्र लिहील का?"

यावर मी उत्तर जुळवू लागलो, दोन ओळी सुचल्याही, पण नोरोनं माझ्या तोंडात भजं कोंबलं. फेनित्रानं स्वतःच उत्तर दिलं. "रोज!" तो रिक्षात उभा राहिला. "रोज लिहीन! पोचेल तेव्हा पोचेल!"

"खाली बस, पडशील!" ही सुआझारा.

"मुलगी बोलली!" आजोबा आनंदानं ओरडले. "विचारल्याआधी!"

बंदराचं फाटक. दोन वाजून सव्वीस मिनिटं. फाटकावरचा पहारेकरी हातातल्या घड्याळाकडे बघत उभा.

"दंड!" सगळे एका आवाजात. बिचाऱ्याला काही कळेना, पण झाकानं सूर लावला आणि पहारेकऱ्यानं टोपी काढून पहिली ओळ म्हटलीसुद्धा. आमच्याच देवाचा माणूस निघाला.

"ईशान्य!" आजोबा ओरडले. "मी नैऋत्येत बसलोय! फिरव!"

झाकानं रिक्षा जागच्या जागी फिरवली. जास्त फिरली. परत फिरवली. चाकाखाली कुणाची तरी टोपली आली. शेवटी चौघांनी रिक्षाच आजोबांसकट उचलली आणि तोंड नीट करून ठेवली. आजोबांनी शाल सारखी केली. आणि त्या गोंगाटात, भर उन्हात, त्यांचा आवाज एकदम खाली आला. घरातला आवाज.

"सुआझारा. या मुलाला ओळखतेस?"

मुलीनं दोनदा गप्प राहायचं असतं, तिसऱ्यांदा मान हलवायची. आमच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या तसंच केलं.

"ओळखते," सुआझारा म्हणाली.

"दुसऱ्यांदा विचारतो..."

"ओळखते!"

"तिसऱ्यांदा..."

"आजोबा, दोन वाजून अठ्ठावीस मिनिटं झालीत, ओळखते, ओळखते, हवाय मला हा!"

नोरोनं पुठ्ठा पुढे केला. आजोबांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "पाणी!" पाणी कुणाकडेच नव्हतं. पहारेकऱ्यानं आपली बाटली दिली. आजोबांनी ओंजळीत घेतलं, आणि त्या दोघांच्या वाकलेल्या डोक्यांवर शिंपडलं, एकदा, दोनदा, आणि मग ओंजळ संपली तर बाटलीच उलटी केली. "सात मुलं, सात मुली! जा! पळ!"

फेनित्रा पळाला. केसांतून पाणी, शर्ट उलटा, एक भजं अजून मुठीत. फाटकातून आत, गोदामांच्या मधून, दिसेनासा. पहारेकऱ्यानं फाटक ओढलं.

आमच्या बाजूला भिंत. काही दिसेना. सगळे टाचा वर करून.

सुआझारानं चप्पल काढली, आजोबांच्या खांद्याला धरून रिक्षाच्या बाकावर चढली, तिथून ताडपत्रीच्या दांडीवर एक पाय, आणि भिंतीवरून बघायला लागली. झाका सायकल धरून उभा.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"शिडी दिसतेय. वर एक माणूस आहे, कागद घेऊन."

"आणि तो?"

"नाही दिसत... आला! पळतोय!"

"पोचला का गं?" आजोबा खालून, पुठ्ठा छातीशी धरून.

"पडला!"

"अगं बाई!"

"उठला! शिडीपाशी आहे. त्या माणसाला काहीतरी सांगतोय. तो माणूस मान हलवतोय. नाही म्हणतोय की हो म्हणतोय कळत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "त्या माणसानं... त्याच्या हातात हात दिला! मिठी मारली! भजं दिलं त्याला यानं!"

"चढला का?" नोरोचा पदर तोंडाशी.

"चढतोय. अर्ध्यावर आहे. थांबला."

"का थांबला?"

"इकडे बघतोय. मी दिसतेय त्याला!" तिनं दोन्ही हात वर केले. झाकानं सायकल घट्ट धरली, आजोबांनी तिचा घोटा.

"आता काय करतोय?"

सुआझारा हात हलवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड कानापर्यंत पसरलं होतं.

"अगं सांग की! काय करतोय?"

"नाचतोय, आजोबा," ती म्हणाली. "शिडीवर उभा राहून नाचतोय."